काट्यावरचा धर्म

वाहाका हे मेक्सिकोच्या दक्षिणेकडचं डोंगराळ राज्य. तिथल्या गिएनागाती भागातल्या आदिवासी वाड्यांवर १९८०च्या सुमारास कॉफीचा हंगाम असा चालायचा. लाल झालेली फळं घरची सगळी माणसं मिळून खुडायची. हाताने फिरवायच्या यंत्रातून ती काढली की साल निघून जाई आणि बुळबुळीत बिया उरत. त्या रात्रभर भिजत ठेवून आंबवायच्या, दुसऱ्या दिवशी चोळून चोळून धुवायच्या आणि चटईवर पसरून ऊन द्यायचं. आभाळ भरून आलं की धावत जाऊन गोळा करायच्या, उघडलं की पुन्हा पसरायच्या. बी आत खुळखुळायला लागलं की माल तयार. मग पोतं खेचराच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या, आणि उतरणीची पायवाट.

पायवाट जिथे संपे तिथे व्यापारी बसलेला असे. त्याला तिकडे ‘कोयोट’ म्हणतात, म्हणजे लांडग्याचा चुलतभाऊ. काटा त्याचा, भाव त्याचा, माल ओला की सुका हा निवाडाही त्याचाच. ट्रक त्याच्याकडे, पावसाळ्यात उधारीवर मका देणाराही तोच. पीक झाडावर असतानाच निम्मं त्याच्या वहीत जमा झालेलं असे.

मराठी वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. उचल, कडता, काटामारी, ‘माल हलका आहे’ म्हणून नाक मुरडणं, हे सगळं आपल्या बाजारसमित्यांच्या आवारात आणि साखर कारखान्यांच्या गेटवर पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. वाहाकात वेगळं घडलं ते एवढंच की त्या काट्यापाशी एक कॅथलिक धर्मगुरू येऊन उभा राहिला आणि त्याने हिशोब मागितला.

फ्रान्स फान डर होफ हा मूळचा डच, ब्राबांटमधल्या शेतकरी कुटुंबात १९३९ साली जन्मलेला. ईश्वरशास्त्राबरोबर राजकीय अर्थशास्त्रातही डॉक्टरेट. १९७०मध्ये तो चिलीत गेला आणि सांतियागोच्या झोपडपट्ट्यांत राहिला. १९७३मध्ये पिनोचेतने सत्ता बळकावल्यावर तिथून निसटून मेक्सिको सिटीत आला. पुढे दक्षिणेत, तेवांतेपेकच्या धर्मप्रांतात. तिथले बिशप आर्तुरो लोना गरिबांचे बिशप म्हणून ओळखले जात. जमीनदारांना आणि सरकारला ते खुपत असत. लॅटिन अमेरिकेतला तो काळच तसा होता. १९६८मध्ये मेडेयिन इथे तिथल्या बिशपांनी गरिबीला अन्यायाचं फळ म्हटलं होतं, आणि १९७१मध्ये पेरूच्या गुस्तावो गुतिएरेस यांच्या पुस्तकाने या विचाराला मुक्तीचं ईश्वरशास्त्र हे नाव दिलं होतं. गरिबाला स्वर्गाचं आश्वासन देऊन गप्प बसवायचं नाही, त्याच्याबरोबर बसून तो गरीब का आहे हे शोधायचं, असा तो मार्ग.

फान डर होफने प्रवचनांपेक्षा बैठकांवर भर दिला. १९८१ साली गावकरी आणि धर्मप्रांतातले कार्यकर्ते एकत्र बसले, आणि चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येऊ लागली: आमच्या कॉफीला शहरात काय भाव आहे आणि आम्हाला काय मिळतो? त्यातून काही गावांनी माल एकत्र करून कोयोटला वगळून विकून पाहिला. भाव बरा आला. १९८३मध्ये रीतसर संघ उभा राहिला. त्याचं लांबलचक स्पॅनिश नाव आखडून ‘उसिरी’ झालं. अर्थ, तेवांतेपेकच्या संयोगभूमीतल्या आदिवासी समाजांचा संघ.

उसिरीने कॉफी विकली हे खरं, पण मला तिच्या बाकीच्या उचापती जास्त महत्त्वाच्या वाटतात. तिने स्वतःचं कोठार बांधलं. बससेवा सुरू केली, कारण डोंगरातली वाहतूक ज्याच्या हातात त्याच्याच हातात बाजार असतो. तरुणांसाठी शेतीशाळा काढली. ज्यांच्या पोटावर पाय आला ते स्वस्थ बसले नाहीत. धमक्या आल्या, संघाच्या काही माणसांचे खूनही झाले. फान डर होफ स्वतः कॉफीची छोटी बाग करून राहत होता. पाद्री म्हणून त्याने पगार घेऊन गावावर देखरेख केली असती, तर गावकऱ्यांनी त्याचं कितपत ऐकलं असतं, शंकाच आहे.

आता या सगळ्यात ख्रिस्ती काय आहे, असा प्रश्न कुणी विचारील. सहकारी संस्था काढायला बायबल लागत नाही. आपल्याकडे प्रवरानगरला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या आसपास ते करून दाखवलं. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं.

बायबलच्या जुन्या करारात वजनमापांवर आश्चर्य वाटावं इतका मजकूर आहे. लेवीय ग्रंथात देवाच्या आज्ञांमध्ये खरा तराजू आणि खरी मापं ठेवण्याची आज्ञा येते. आमोस हा संदेष्टा मेंढपाळ होता आणि उंबराच्या जातीची झाडंही राखायचा. तो ज्यांच्यावर तुटून पडतो ते व्यापारी शब्बाथ कधी संपतो आणि दुकान कधी उघडतो याची वाट बघणारे आहेत. माप लहान, वजन जड, तराजूत खोट, आणि गव्हाबरोबर मातेरंही गरिबाच्या गळ्यात. देवळातली गाणी बंद करा, आधी न्याय वाहू द्या, असा त्याचा एकंदर सूर. नव्या करारात याकोबाच्या पत्रात शेतमजुरांची बुडवलेली मजुरीच ओरडते आहे आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे. म्हणजे पाप मनात असतं तसं काट्यावरही असतं, आणि तिथे ते मोजता येतं. भूतदयेचा उपदेश सगळ्याच धर्मांत सापडेल. दुकानदाराच्या काट्याची झडती घ्यायला निघालेले आमोससारखे संदेष्टे ही या परंपरेची मोठी पुंजी आहे.

ही पुंजी चर्चने बराच काळ कुलपात ठेवली होती, हेही लगेच सांगायला हवं. इंग्लंडच्या चर्चची एसपीजी ही धर्मप्रसारक संस्था अठराव्या शतकात बार्बाडोसमधल्या कॉड्रिंग्टन या उसाच्या मळ्यांची मालक होती. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने संस्थेच्या नावाचा डाग दिला जाई. गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंडांची भरपाई दिली, ती मालकांना, आणि त्यात या संस्थेचाही वाटा होता. याच संस्थेचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या अहमदनगर-कोल्हापूर भागात शाळा चालवत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. एकीने दुसरी धुऊन निघत नाही.

त्याच साखरेविरुद्धचा पहिला मोठा ग्राहक-बहिष्कारही ख्रिस्ती मंडळींनीच उभा केला. १७९१मध्ये विल्यम फॉक्सचं एक पत्रक निघालं: वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडा. क्वेकर आणि बॅप्टिस्ट घरांत चहा बिनसाखरेचा झाला. गुलामीविरोधी चळवळीचे थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने तीन लाख माणसांनी साखर सोडली होती. लेस्टर गावातला एक गरीब बॅप्टिस्ट पाळक, जो आधी चांभारकाम करत असे, त्याने १७९२च्या आपल्या पुस्तिकेत या साखरेचा उल्लेख केला आहे. ज्या कुटुंबांनी साखर सोडली त्यांचे हात रक्तापासून मोकळे झाले आणि आठवड्याला काही पेन्सही वाचले, ते पैसे धर्मकार्याला द्या, असा त्याचा व्यवहारी सल्ला. हा पाळक म्हणजे विल्यम केरी. त्याचंच मराठी व्याकरण १८०५मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१०मध्ये सेरामपूरहून निघाला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात आपण त्याला ओळखतो. साखरेच्या इतिहासात तो आहे हे सहसा कुणी सांगत नाही. आणि हाच केरी भारतात आल्यावर पोटासाठी बंगालमध्ये नीळ-कारखान्याचा व्यवस्थापक झाला. पुढे निळीच्या शेतकऱ्यांचे जे हाल झाले ते दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ नाटकामुळे जगजाहीर झाले. केरीने कुणावर जुलूम केला असं म्हणायचं नाही. पण एका मळ्यापासून हात धुतले की ते दुसऱ्या मळ्यात पडतात, ही व्यापाराची रीत त्याच्या चरित्रात लख्ख दिसते.

१८२०च्या दशकात बहिष्कार पुन्हा पेटला. लेस्टरचीच एलिझाबेथ हेरिक घरोघर फिरून साखर सोडायला सांगत होती आणि १८२४च्या आपल्या पत्रकात गुलामगिरी हळूहळू नको, आत्ताच्या आत्ता संपवा म्हणत होती. त्या काळातली चिनी मातीची साखरपात्रं ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. त्यांवर लिहिलं आहे की ही ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली. सहा कुटुंबांनी ती वापरली की एक गुलाम कमी लागतो. मालाबरोबर पुण्याईचा हिशोब छापायची पद्धत इतकी जुनी आहे. त्या ईस्ट इंडियाच्या, म्हणजे आपल्याच, साखरेसाठी कंपनी सरकारच्या अमलात रयतेला काय मिळत होतं, याची चौकशी त्या चहाच्या टेबलावर फारशी झाली नसावी.

विसाव्या शतकात ही धारा पुन्हा वर आली तेव्हा तिचं रूप दयेचं होतं. १९४६मध्ये एडना रूथ बायलर ही मेनोनाइट पंथाची अमेरिकन बाई प्वेर्तो रिकोला गेली. तिथल्या बायकांचं सुबक भरतकाम पाहून तिने ते पेनसिल्व्हानियात आणलं आणि मोटारीच्या डिकीतून मैत्रिणींना, चर्चमधल्या बायकांना विकायला लागली. त्यातून पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही दुकानांची साखळी झाली. इंग्लंडात १९७९मध्ये ख्रिस्ती श्रद्धेतूनच ‘ट्रेडक्राफ्ट’ निघालं. रविवारची प्रार्थना संपली की चर्चच्या सभागृहात टेबल मांडून स्वयंसेवक चहा, कॉफी, टोपल्या, ताग-पिशव्या विकायचे. ही माणसं मनाने फार चांगली होती. पण घेणारा वस्तूची गरज म्हणून घेत नव्हता, कणव म्हणून घेत होता. भिंतीवर टांगायच्या तिसऱ्या टोपलीनंतर कणव थकते.

कणवेऐवजी न्याय्य भावाच्या विचाराला पक्का पाया आधीच घातला गेला होता, आणि त्यातली एक वीट मुंबईची आहे. १९६४च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत आले. भारतात येणारे ते पहिले पोप. दौऱ्यात वापरलेली आलिशान मोटार त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली आणि मदरनी ती सोडतीत काढून पैसा उभा केला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ती गोड आहे. याच मुंबईत त्यांनी जगातल्या राष्ट्रांना लष्करी खर्चातला वाटा काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारायची हाक दिली, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. १९६७मध्ये त्यांचं ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ हे परिपत्रक निघालं. त्यात मुंबईच्या त्या हाकेची आठवण आहे, आणि त्याहून मोठी एक गोष्ट आहे.

१८९१मध्ये तेराव्या लिओंनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या मजुरीबद्दल म्हटलं होतं की मालक आणि मजूर दोघांनी मान्य केली एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. उपाशी माणसाचं ‘हो’ हे हो नव्हे. सहाव्या पॉलनी शहात्तर वर्षांनी हाच नियम राष्ट्रांना लावला. कच्चा माल विकणारा गरीब देश आणि यंत्रं विकणारा श्रीमंत देश यांच्यातला खुला करार केवळ खुला आहे म्हणून न्याय्य होत नाही. दोन्ही बाजू बरोबरीच्या नसतील तर बाजारभाव अन्याय करू शकतो. वॉल स्ट्रीट जर्नलने या परिपत्रकाला मार्क्सवादाचा गरम केलेला उष्टा घास ठरवलं होतं. मला मात्र त्यात मार्क्सपेक्षा आमोस जास्त दिसतो. मालकी कुणाची हा तिथला पहिला प्रश्नच नाही, माप खरं आहे का हा आहे.

पुन्हा वाहाकाकडे. उसिरीचा माल १९८०च्या दशकाच्या मध्याला थोडाथोडा जर्मनी-हॉलंडमधल्या पर्यायी दुकानांत जाऊ लागला होता. त्याच सुमारास हॉलंडमधल्या सोलिदारिदाद या चर्चप्रणीत मदतसंस्थेचे निको रोझेन आणि फान डर होफ यांची गाठ पडली. सोलिदारिदाद लॅटिन अमेरिकेतल्या प्रकल्पांना देणग्या द्यायची. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की देणग्यांबद्दल आभार, पण आम्ही भिकारी नाही. आमच्या कॉफीला रास्त भाव द्या, मग तुमच्या देणग्या लागायच्या नाहीत.

१९८० साली चाकणच्या कांदा उत्पादकांनी रस्ता अडवला तेव्हापासून शेतकरी संघटनेचा नारा होता, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. हे दोन आवाज एकमेकांना ऐकू जाण्याचं कारण नव्हतं. संघटनेचे नेते शरद जोशी तेव्हा स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आले होते. फान डर होफ विद्यापीठं सोडून कॉफीच्या बागेत उतरला होता. दोघांनी गरिबीचं कारण एका शब्दात सांगितलं: भाव. दोघांनी दान धुडकावलं. यापुढे मात्र वाटा फुटतात, आणि त्या कुठे फुटतात हे पाहण्यासारखं आहे. जोशींच्या मते शेतकऱ्याला लुटणारा मुख्य दरोडेखोर सरकार होतं. निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी उठवा, बाजार मोकळा करा, शेतकरी आपलं बघून घेईल. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाचं त्यांनी स्वागत केलं ते याच हिशोबाने. फान डर होफला मोकळ्या बाजारावर असा भरवसा नव्हता. त्याला बाजार हवा होता, पण तळाला फळी ठोकलेला.

फळी कशी ठोकायची, हा प्रश्न रोझेननी सोडवला. मोठ्या कॉफी कंपन्यांशी बोलणी फिसकटली. स्वतःचा ब्रँड काढायचा विचार झाला. शेवटी ठरलं की ब्रँड नको, शिक्का काढू. कुठलाही भाजणारा आपल्या पाकिटावर तो लावू शकेल, अट एवढीच की माल नोंदलेल्या छोट्या शेतकऱ्यांच्या संघाकडून, ठरलेल्या किमान भावाने, मागितल्यास आगाऊ रक्कम देऊन घ्यायचा. शिक्क्याला नाव दिलं ‘माक्स हावेलार’. १८६०मध्ये मुल्टाटुलीने लिहिलेल्या त्याच नावाच्या कादंबरीत डच अमलाखालच्या जावातली रयतेची पिळवणूक आहे आणि अॅमस्टरडॅमचा एक कॉफी दलालही आहे. डच शाळकरी मुलांनाही ते नाव माहीत. नोव्हेंबर १९८८मध्ये पहिलं पाकीट डच राणीचे पती प्रिन्स क्लाउस यांच्या हाती दिलं गेलं, आणि कॉफी चर्चच्या टेबलावरून सुपरमार्केटच्या फळीवर आली. आज फेअरट्रेड म्हणून जो निळा-हिरवा शिक्का जगभर दिसतो, त्याची ही आजी.

आठ महिन्यांत परीक्षा आली. १९६२पासून आंतरराष्ट्रीय कॉफी करारानुसार देशांना कोटे होते आणि भाव एका पट्ट्यात राहत असे. जुलै १९८९मध्ये कोटे कोसळले आणि त्यांच्यामागोमाग भाव. मेक्सिकोतलं सरकारी कॉफी मंडळही त्याच काळात मोडीत निघू लागलं. मधे १९९७मध्ये भाव उसळला, पण नव्वदीत व्हिएतनामने जगाचा दुसरा मोठा उत्पादक होण्याइतकी लागवड वाढवली आणि २००१च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेली. खुडणीचा खर्च निघेना. फळं झाडावर काळी पडली. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेत चोरवाटेने शिरणारे १४ मेक्सिकन ॲरिझोनाच्या वाळवंटात तहानेने मेले; त्यांतले कित्येक वेराक्रूझच्या कॉफीपट्ट्यातले होते. त्याच काळात शिक्क्याचा भाव सामाजिक निधी धरून पौंडाला १ डॉलर २६ सेंट होता. दुपटीहून जास्त. ज्या संघांचा माल शिक्क्याखाली गेला त्यांना तग धरता आला.

पण सगळा माल शिक्क्याखाली जात नाही, इथे खरी मेख आहे. प्रमाणपत्र संघाला मिळतं. किती पोती त्या भावाने उचलायची हे घेणारा ठरवतो. कित्येक संघ पिकातला जेमतेम काही हिस्सा किमान भावाने विकतात आणि बाकीचा चालू भावाने. प्रमाणपत्राची फी, तपासनीसाचा खर्च, कागदांची चळत मात्र सगळ्या मालाला लागते.

भांडणं याहून खोल होती. २००५मध्ये नेस्लेने ब्रिटनमध्ये आपल्या एका कॉफीला हा शिक्का मिळवला. अगणित पोत्यांपैकी एका छोट्या ब्रँडला शिक्का, आणि मिरवायला सगळी कंपनी मोकळी. चहा आणि केळीत आधीपासूनच मोठ्या मळ्यांना शिक्का मिळत होता. २०११मध्ये अमेरिकेची शाखा कॉफीतही मळे घ्यायचे म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली. फान डर होफ जाहीरपणे चिडला. सहा कुटुंबं आणि एक गुलाम हा हिशोब जसा साखरपात्रावर छापला होता, तसंच आता गिऱ्हाइकाचं समाधान हाच माल होऊ लागला होता. २००६मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या उत्पादकांच्या संघटनांनी स्वतःचं वेगळं चिन्ह काढलं. त्याचे नियम आणि त्याचा भाव उत्पादकांच्याच संघटना ठरवतात, आणि मळ्यांना त्यात जागा नाही. तो शिक्का आपल्या दुकानांत तुम्हाला दिसणार नाही. युरोपातही शोधावा लागतो.

बाहेरून झालेली टीकाही सोडून देण्यासारखी नाही. लंडनच्या सोआस संस्थेचा क्रिस्टोफर क्रेमर आणि सहकाऱ्यांचा २०१४चा अहवाल इथिओपिया आणि युगांडातल्या मजुरांवर होता. शिक्क्याच्या भागातल्या शेतमजुरांची मजुरी तशाच बिगरशिक्क्याच्या भागांपेक्षा कमी आढळली. शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणून त्याच्याकडे खुडणीला येणाऱ्या बाईला मिळतोच असं नाही. हेही आपल्याला नवीन नाही. उसाला भाव मिळाला म्हणून बीडच्या कोयत्याचं काय झालं, ते पाहा.

ख्रिस्ती गोटातूनही विरोध झाला. व्हिक्टर क्लार हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ श्रद्धावान ख्रिस्ती. २०१०च्या त्यांच्या पुस्तिकेचा मुद्दा असा की किमान भाव देऊन तुम्ही गरीब शेतकऱ्याला ज्या पिकात आधीच जास्त माल आहे त्याच पिकात डांबून ठेवता. त्याने दुसरं काही करावं, यासाठी बाजार उघडा. जोशींना हा युक्तिवाद जवळचा वाटला असता. मला तो अर्धा पटतो. डोंगराच्या उतारावर कॉफीखेरीज दुसरं काय पिकवायचं आणि ते कुणाच्या ट्रकमधून न्यायचं, हे क्लार सांगत नाहीत. आणि मोकळा बाजार म्हणजे काय, हे विदर्भाच्या कापूस उत्पादकाला विचारा. अमेरिकन सरकार आपल्या कापूसवाल्यांना अब्जावधी डॉलरचं अनुदान देत होतं आणि जगाचा भाव पडत होता. २००३मध्ये कानकूनच्या जागतिक व्यापार परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब आफ्रिकी देशांनी हे प्रकरण उचललं तेव्हा त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्यांत क्रिश्चन एड, काफोड अशा चर्चच्या संस्था होत्या. पाकिटावरच्या शिक्क्यापेक्षा हे काम कंटाळवाणं. त्याचा फोटो निघत नाही.

मुंबईत या परंपरेचं एक रूप अंधेरी पूर्वेला बघायला मिळतं. इझाबेल मार्टिन या स्पॅनिश मिशनरी सिस्टरनी झोपडपट्टीतल्या बायकांसाठी १९८४मध्ये ‘क्रिएटिव्ह हॅंडिक्राफ्ट्स’ सुरू केलं. सुरुवात कापडी खेळण्यांनी झाली, पुढे तयार कपडे आले, डबे पुरवणारं स्वयंपाकघरही आलं. बायका गटागटाने सहकारी पद्धतीने काम करतात, माल युरोपातल्या आणि जपानमधल्या फेअर ट्रेड संस्थांकडे जातो. इथे कॉफीसारखा कुठला बाजारभाव नाही की ज्याखाली फळी ठोकावी. इथली मेख रोकड आहे. कापड, दोरा, बटणं आधी घ्यायची, शिलाई पूर्ण करून माल जहाजावर चढवायचा, आणि नेहमीचा खरेदीदार पैसे देणार त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. तेवढा दम छोट्या गटात नसतो. मग मधे कंत्राटदार येतो आणि दर पाडतो. फेअर ट्रेडच्या जागतिक संघटनेचा नियम असा की हस्तकलेच्या ऑर्डरीत मागितल्यास निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत कमी चर्चा झालेला आणि सर्वांत उपयोगी नियम हाच. भावाच्या घासाघिशीत गरीब हरतो तो बहुधा थांबता येत नाही म्हणून.

काही फळ्या मोडल्याही. जानेवारी २०२३मध्ये ट्रेडक्राफ्टने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन दुकान बंद केलं. चर्चमधले म्हातारे स्वयंसेवक कमी होत गेले आणि तोच शिक्का सुपरमार्केटात स्वस्त मिळू लागला. फान डर होफ २०२४मध्ये वारला, चाळीसहून जास्त वर्षं वाहाकात काढून.

आणि मग उलटीच पंचाईत झाली. ऑगस्ट २०२३पासून धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव १ डॉलर ८० सेंट केला गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये बाजारभाव ४ डॉलरच्या वर गेला, कारण ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला. किमान भावाला अर्थच उरला नाही. कोयोट नोटांची थप्पी घेऊन थेट बांधावर येऊ लागला. संघाला मात्र आधी कर्ज काढावं लागतं, माल गोळा करावा लागतो, सभासदांना पूर्ण पैसे निर्यात झाल्यावरच देता येतात. सभासदाने कोयोटला माल दिला तर संघाचा परदेशी करार मोडतो. न दिला तर घरात पोरीचं लग्न, छपराची दुरुस्ती थांबते. लॅटिन अमेरिकेतल्या अनेक संघांची त्या हंगामांत अशीच ओढाताण झाली.

भाव कितीही चढला तरी पौंडामागे २० सेंटचा सामाजिक निधी संघाला मिळतो. त्यातले निदान ५ सेंट उत्पादन आणि दर्जा वाढवण्यावर खर्च करावे लागतात. उरलेल्याचं काय करायचं हे सभासदांची सर्वसाधारण सभा ठरवते. रोख वाटून टाका म्हणणारे एका बाजूला, तांबेऱ्याने गेलेल्या बागांसाठी नवी रोपं करा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. अशा सभा लांबतात.